शेजारावरून ठरलेला काटकोन

शालेय भूमितीत संलग्न कोनांची व्याख्या तीन अटींवर उभी आहे : दोन्ही कोनांचा शिरोबिंदू एकच असावा, एक भुजा दोघांत सामाईक असावी आणि दोघांच्या अंतर्भागांत एकही बिंदू सामाईक नसावा. भिंतीवरच्या घड्याळाचे तास, मिनिट आणि सेकंद हे तीन काटे वेगवेगळ्या दिशांना असताना मधल्या काट्याच्या दोन बाजूंना जे दोन कोन दिसतात, ते संलग्न कोन होत. मधला काटा ही त्यांची सामाईक भुजा आणि काट्यांचा खिळा हा शिरोबिंदू. ही व्याख्या विद्यार्थ्यापुढे येते तेव्हा त्याला कोनमापकाने अंश मोजणे येत असते, काटकोन म्हणजे ९० अंश हे पाठ झालेले असते, आणि त्यामुळे आधी आकडे आले व कोनांचे शेजारसंबंध नंतर कोणीतरी त्यांवर लादले, असा समज सहज होतो. इतिहासातला क्रम याच्या उलट आहे. काटकोन म्हणजे काय, हे तर्कशुद्ध रीतीने सांगण्याची पाळी आली तेव्हा ९० हा आकडा कोणी वापरला नाही. वापरला तो शेजारचा कोन.

इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास अलेक्झांड्रियात यूक्लिडने रचलेल्या ‘मूलतत्त्वे’ या तेरा भागांच्या ग्रंथाच्या पहिल्या भागात आरंभी व्याख्या दिलेल्या आहेत, आणि त्यांतली दहावी व्याख्या काटकोनाची आहे. तिचा आशय असा की एक सरळ रेषा दुसऱ्या सरळ रेषेवर उभी राहिली आणि तिच्या दोन बाजूंना होणारे संलग्न कोन परस्परांशी समान झाले, तर त्यांपैकी प्रत्येक कोन काटकोन होय आणि उभी राहिलेली रेषा दुसरीवर लंब होय. या व्याख्येत मोजमाप नाही, वर्तुळाचे भाग नाहीत, कोणतेही एकक नाही. कोनाला त्याच्या शेजाऱ्याशी ताडून पाहावे आणि दोघे सारखे निघाले तर दोघांनाही काटकोन म्हणावे, एवढेच तिच्यात आहे. पुढच्या दोन व्याख्यांत काटकोनापेक्षा मोठा तो विशालकोन आणि लहान तो लघुकोन असे सांगून यूक्लिड मोकळा होतो. म्हणजे कोनांची सगळी वर्गवारी या एका शेजारसंबंधावर तोललेली आहे.

अशी व्याख्या केवळ विचाराच्या बळावर सुचली असेल असे मानणे कठीण आहे, कारण तिच्यात जे सांगितले आहे तेच काम सुतार आणि गवंडी आपला गुण्या तपासताना करतात. गुण्या म्हणजे लाकडाच्या किंवा लोखंडाच्या दोन पट्ट्या काटकोनात जोडून केलेले अवजार. तो पडला, आपटला किंवा त्याचा सांधा ढिला झाला की खरा राहिला आहे की नाही याची शंका येते, आणि ती फेडण्याची जुनी रीत अशी : सरळ कडेची एक फळी घ्यायची, गुण्याची एक पट्टी त्या कडेला घट्ट भिडवायची आणि दुसऱ्या पट्टीच्या धारेने फळीवर आडवी रेघ ओढायची, मग गुण्या पालथा करून, म्हणजे कडेला भिडलेली पट्टी आता विरुद्ध दिशेला जाईल अशा रीतीने, तो पुन्हा त्याच बिंदूवर आणायचा आणि दुसरी रेघ ओढायची. दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या तर गुण्या खरा. पहिल्या वेळी गुण्याचा कोन रेघेच्या एका बाजूला होता आणि दुसऱ्या वेळी तोच कोन दुसऱ्या बाजूला आला, म्हणजे कारागिराने दोन संलग्न कोन एकमेकांशी ताडले आणि ते समान आहेत याची खात्री करून घेतली. यूक्लिडची दहावी व्याख्या ही या चाचणीचेच शब्दरूप आहे असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

अवजारे तर यूक्लिडच्या कितीतरी आधीची आहेत. इजिप्तमध्ये देर अल-मदीना येथे, राजांची थडगी खोदणाऱ्या कारागिरांच्या वस्तीत, सेन्नेजेम नावाच्या कारागिराचे थडगे १८८६ मध्ये उघडले गेले, त्यात लाकडी गुण्या, पातळी पाहण्याचे त्रिकोणी साधन आणि ओळंबा अशी तीन साधने मिळाली. सेन्नेजेमचा काळ इसवी सनापूर्वी तेराव्या शतकातला, म्हणजे यूक्लिडच्या सुमारे हजार वर्षे आधीचा. ग्रीक भाषेतही काटकोनाच्या कल्पनेवर कारागिरीचे ठसे उमटलेले आहेत. इसवी सनाच्या पाचव्या शतकातला यूक्लिडचा भाष्यकार प्रोक्लस सांगतो की कायऑसचा ओइनोपिडीस हा जुना गणिती लंबाला ‘शंकूप्रमाणे असलेली’ रेषा म्हणत असे. हा शंकू म्हणजे सावली मोजण्यासाठी जमिनीवर रोवलेली उभी काठी. दहाव्या व्याख्येतली एक गंमतही नोंदण्याजोगी आहे. तिच्यात रेषा दुसरीवर ‘उभी राहते’, पण तिला नाव मिळते ‘काथेटॉस’, आणि त्याचा अर्थ वरून खाली सोडलेली. एकाच वाक्यात उभी राहणारी आणि लोंबणारी अशी दोन चित्रे आहेत, एक शंकूचे आणि दुसरे ओळंब्याचे. संस्कृत ‘लंब’ या शब्दाचा मूळ अर्थही लोंबणारा असाच आहे आणि मराठी ‘ओळंबा’ हा त्याच्याच घराण्यातल्या ‘अवलंब’पासून आलेला आहे, दोन दूरच्या भाषांनी दोरीला बांधलेल्या वजनाकडे पाहूनच आपापला शब्द घडवला.

भारतात यज्ञवेदींच्या आखणीचे नियम सांगणाऱ्या शुल्बसूत्रांत कोन मोजण्याची कल्पना नाही. वेदीच्या कोपऱ्यांना तेथे शरीराच्या अवयवांची नावे आहेत, पूर्वेकडच्या दोन कोपऱ्यांना अंस म्हणजे खांदे आणि पश्चिमेकडच्या दोन कोपऱ्यांना श्रोणी म्हणजे नितंब. कोपरा किती उघडा आहे हे सांगणारी संख्या कोठेच येत नाही. तरीही वेदी चुकीच्या दिशेला किंवा तिरकी होऊन चालत नसे, आणि त्यासाठी कात्यायनाच्या शुल्बसूत्रात सांगितलेली कृती पाहिली की शेजारच्या कोनाची तीच युक्ती वेगळ्या वेषात समोर येते. सपाट केलेल्या जमिनीत शंकू रोवावा, शंकूच्या उंचीएवढ्या दोरीने त्याच्याभोवती वर्तुळ काढावे, सकाळी आणि दुपारनंतर शंकूच्या सावलीचे टोक जेथे जेथे वर्तुळाला स्पर्श करते तेथे खुंट्या ठोकाव्यात. या दोन खुंट्यांना जोडणारी रेषा ती प्राची, म्हणजे पूर्व-पश्चिम रेषा. मग त्यांच्यातल्या अंतराच्या दुप्पट लांब दोरी घेऊन तिच्या दोन टोकांचे फास त्या दोन खुंट्यांत अडकवावेत आणि दोरीचा मध्य धरून ती आधी एका बाजूला व नंतर दुसऱ्या बाजूला ताणावी. मध्य जेथे जेथे येतो त्या दोन जागा जोडल्या की दक्षिणोत्तर रेषा मिळते.

या कृतीत काय घडते ते नीट पाहण्यासारखे आहे. मध्यापासून दोन्ही खुंट्यांपर्यंत दोरीची लांबी सारखी असल्याने ताणलेली आकृती डावी-उजवीकडे अगदी सारखी होते, आणि म्हणून दक्षिणोत्तर रेषेच्या एका बाजूला प्राचीशी होणारा कोन दुसऱ्या बाजूच्या कोनाहून मोठा असण्याला कारणच उरत नाही. सुतार गुण्या पालथा करतो आणि यज्ञभूमीवरचा माणूस दोरीचा मध्य दोन्ही बाजूंना खेचतो, पण समान झालेले शेजारी कोन हीच दोघांची काटकोनाची कसोटी आहे. फरक इतकाच की शुल्बसूत्रांनी कृती सांगितली आणि तिच्यातून निघणाऱ्या कोनाला नाव देण्याची गरज मानली नाही, तर यूक्लिडने नाव दिले आणि कृती मागे टाकली. घराचा पाया आखताना तीन, चार आणि पाच फुटांच्या खुणा करून दोरी ताणण्याची गवंड्यांची रीतही आज सर्वत्र चालते, पण ती कर्णाच्या नियमावर अवलंबून आहे आणि त्या नियमाचा इतिहास निराळा सांगावा लागेल.

शेजाऱ्यावरून व्याख्या करण्यात एक अडचण मात्र दडलेली आहे, आणि ती यूक्लिडच्या ध्यानात आली यातच त्याची थोरवी दिसते. एखादा कोन त्याच्या शेजाऱ्याशी समान आहे म्हणून तो काटकोन झाला, पण अथेन्समधल्या एका भिंतीशी जुळलेली ही जोडी आणि अलेक्झांड्रियातल्या दुसऱ्या भिंतीशी जुळलेली जोडी यांचा परस्परांशी काय संबंध? प्रत्येक जोडी आपल्या घरात समान आहे, एवढ्यावरून एका घराचा कोन दुसऱ्या घराच्या कोनाएवढा ठरत नाही. म्हणून यूक्लिडने पाच गृहीतकांतले चौथे गृहीतक यासाठीच खर्च केले : सर्व काटकोन परस्परांशी समान असतात. गृहीतक म्हणजे सिद्धता न मागता मान्य करायचे विधान. पाचवे गृहीतक समांतर रेषांचे, त्याने दोन हजार वर्षे गणितज्ञांना झुंजवले आणि त्याची कीर्ती झाली. चौथ्याकडे सहसा कोणी वळूनही पाहत नाही, परंतु पाचव्या गृहीतकात ‘दोन काटकोनांपेक्षा कमी’ हे जे शब्द येतात, त्यांना अर्थ येतो तो चौथ्यामुळेच, कारण काटकोन सर्वत्र एकच नसेल तर दोन काटकोन हे मापच डळमळते. चौथे विधान गृहीत धरण्याऐवजी सिद्ध करावे असा प्रयत्न प्रोक्लसने नोंदलेला आहे. जर्मन गणितज्ञ डेव्हिड हिल्बर्ट याने १८९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘भूमितीचा पाया’ या ग्रंथात एकरूपतेच्या स्वयंसिद्ध विधानांपासून ते रीतसर सिद्ध करून दाखवले, आणि त्या सिद्धतेतही आधीची पायरी संलग्न कोनांचीच आहे : दोन कोन समान असतील, तर त्यांचे एका रेषेवरचे शेजारी कोनही समान असतात.

व्याख्येत समान शेजाऱ्यांची गोष्ट झाली. असमान शेजाऱ्यांचे काय होते ते पहिल्या भागातल्या तेराव्या विधानात येते. एका सरळ रेषेवर दुसरी रेषा उभी राहून कोन करत असेल, तर ते कोन एकतर दोन काटकोन असतील किंवा त्यांची बेरीज दोन काटकोनांएवढी असेल, असे ते विधान आहे. त्याची सिद्धता छोटी आणि देखणी आहे. एक आडवी रेषा घ्यावी आणि तिच्यावरच्या एका बिंदूतून एक तिरकी रेषा उजवीकडे झुकलेली काढावी. उजवीकडचा कोन लहान आणि डावीकडचा मोठा झाला. आता त्याच बिंदूतून आडव्या रेषेवर लंब उभा करावा. तिरकी रेषा आणि लंब यांच्यामध्ये एक फाक तयार होते. उजवीकडच्या लहान कोनात ही फाक मिळवली की एक काटकोन पुरा होतो, आणि डावीकडच्या मोठ्या कोनातून तीच फाक काढून घेतली की दुसरा काटकोन उरतो. म्हणजे एका कोनाने जेवढे गमावले तेवढेच शेजाऱ्याने मिळवले, आणि दोघांची बेरीज पूर्वीसारखीच दोन काटकोन राहिली. सामाईक भुजा इकडे सरकली की तिकडचा कोन वाढतो, शेताचा बांध सरकला की एकाचे रान घटते आणि दुसऱ्याचे वाढते तसे. चौदावे विधान याचा व्यत्यास सांगते : दोन संलग्न कोनांची बेरीज दोन काटकोन असेल तर त्यांच्या बाहेरच्या भुजा एकाच सरळ रेषेत असतात. पंधराव्यात छेदणाऱ्या दोन रेषांचे विरुद्ध कोन समान असतात हे येते, आणि ते तेराव्याच्या आधाराने दोन ओळींत सिद्ध होते, कारण दोन्ही विरुद्ध कोन एकाच शेजाऱ्याचे पूरक असतात. हे शेवटचे तथ्य इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातल्या थेलीसला प्रथम कळले, पण त्याची शास्त्रीय सिद्धता यूक्लिडने दिली, असे प्रोक्लस युडेमस या जुन्या इतिहासकाराच्या हवाल्याने सांगतो.

आजच्या वाचकाला यात एक गोष्ट खटकेल. ‘बेरीज १८० अंश’ किंवा निदान ‘बेरीज एक सरळ कोन’ असे न म्हणता यूक्लिड प्रत्येक वेळी ‘दोन काटकोन’ हा लांबलचक शब्दप्रयोग का करतो? सरळ कोन ही वस्तूच त्याच्याकडे नाही. त्याच्या आठव्या व्याख्येनुसार कोन म्हणजे एका सरळ रेषेत नसलेल्या दोन रेषांचा परस्परांकडे असलेला कल. ज्या रेषा एकमेकींच्या पुढे सरळ जातात त्यांच्यात कल उरत नाही आणि म्हणून कोनही उरत नाही. दोन शेजारी कोन मिळून जे होते ते त्याच्या भाषेत कोन नव्हतेच, ती फक्त दोन काटकोनांएवढी बेरीज होती. वर्तुळाचे ३६० भाग करण्याची रीत बाबिलोनी ज्योतिष्यांच्या साठमान पद्धतीतून आली आणि ग्रीक ग्रंथांत ती यूक्लिडनंतर, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या हिपसिक्लीसच्या लेखनात दिसू लागते. तिचे क्षेत्र आकाश होते, आणि अंश भूमितीच्या प्राथमिक पुस्तकांत उतरून काटकोनाची ओळखच बनले ते पुष्कळ नंतर.

यूक्लिडने शेजारच्या कोनासाठी वापरलेला ग्रीक शब्द ‘एफेक्सीस’ हा आहे आणि त्याचा अर्थ लागोपाठचा, ओळीने पुढे येणारा असा होतो. त्याच्याकडे हा शब्द मुख्यतः एका सरळ रेषेवर उभ्या असलेल्या जोडीसाठी येतो. पुढे निरनिराळ्या भाषांत या शब्दाच्या वाटा फुटल्या. जर्मनमध्ये ‘नेबनविंकेल’ म्हणजे शब्दशः बाजूचा कोन, पण त्याचा अर्थ आजही यूक्लिडचाच आहे : एका रेषेवरची, दोन काटकोन भरणारी जोडी. इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये मात्र संलग्न या अर्थाचा शब्द सैल होऊन एक भुजा सामाईक असलेल्या कोणत्याही दोन शेजारी कोनांना लागू झाला, आणि मग एका रेषेवरच्या जोडीला वेगळे नाव शोधावे लागले. मराठी पाठ्यपुस्तकांतली ‘संलग्न कोन’ आणि ‘रेषीय जोडीतील कोन’ ही दोन नावे या फुटलेल्या वाटेवरची आहेत. यूक्लिडला दोन नावांची गरज नव्हती.

‘मूलतत्त्वे’ बगदादमध्ये अरबी झाले, अरबीतून बाराव्या शतकात लॅटिन झाले, १४८२ मध्ये व्हेनिसला एरहार्ट राटडोल्टने प्रथम छापले, हा प्रवास प्रसिद्ध आहे. भारताच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे तो नासिरुद्दीन तूसीने १२४८ मध्ये तयार केलेला अरबी संस्कार, कारण त्यावरूनच अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात जगन्नाथ सम्राट या पंडिताने सवाई जयसिंहाच्या आश्रयाने ‘रेखागणित’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यात पंधरा अध्याय आणि ४७८ शकले आहेत. शकल हा शब्द मोठा मासलेवाईक आहे. अरबीत ‘शक्ल’ म्हणजे आकृती, आणि आकृतीसह येणाऱ्या विधानालाही तेच नाव. संस्कृतात ‘शकल’ म्हणजे तुकडा. अनुवादकाने ध्वनी तसाच ठेवला आणि दोन्ही भाषांच्या वाचकांना तो आपापल्या परीने ओळखीचा वाटला. प्रास्ताविक श्लोकांत यूक्लिडचे नाव नाही. हे शिल्पशास्त्र ब्रह्मदेवाने विश्वकर्म्याला सांगितले, परंपरेने पृथ्वीवर आले, मध्यंतरी लोपले आणि महाराजांच्या आज्ञेने पुन्हा प्रकट केले, असे तेथे म्हटले आहे. ऐतिहासिक सत्य म्हणून हे टिकणारे नाही. तरी ग्रीक तर्कशास्त्राचा सर्वांत काटेकोर ग्रंथ संस्कृतात आणताना जगन्नाथाने त्याला कारागिरांचा देव विश्वकर्मा याच्या नावावर चढवावे, यात नकळत एक खरी गोष्ट बोलली गेली आहे, कारण त्यातल्या काटकोनाचे मूळ कारागिराच्या हातातच होते. काटकोनाला जगन्नाथाने ‘समकोण’ म्हटले. हिंदीत तोच शब्द आजही रूढ आहे आणि शेजाऱ्याशी सम असलेला कोन ही यूक्लिडची व्याख्या त्या नावातून जितकी सहज निघते तितकी ग्रीक शब्दातूनही निघत नाही. हा ग्रंथ हस्तलिखितांतून छापखान्यात आला तो मुंबईत : हरिलाल हर्षदराय ध्रुव यांनी हाती घेतलेले संपादन कमलाशंकर प्राणशंकर त्रिवेदी यांनी पुरे केले आणि १९०१ व १९०२ मध्ये बॉम्बे संस्कृत सीरिजमध्ये त्याचे दोन भाग निघाले.

मराठीत यूरोपीय धर्तीची गणिताची पुस्तके यापूर्वीच आलेली होती. मुंबई इलाख्यातला लष्करी अभियंता जॉर्ज जर्विस याने १८२० च्या दशकात स्थानिक पंडितांच्या साह्याने हटनच्या गणिताच्या पुस्तकावरून मराठी पाठ्यपुस्तके तयार केली, आणि तेथून परिभाषेचा प्रश्न सुरू झाला. तो सुटला तो काहीसा एकाकी वाटेने. हिंदीत ज्या दोन कोनांची बेरीज ९० अंश होते ते ‘पूरक’ आणि १८० होते ते ‘संपूरक’. मराठीत १८० वाले ‘पूरक’ आणि ९० वाले ‘कोटिकोन’. हिंदी पुस्तकातून मराठी पुस्तकाकडे वळणारा विद्यार्थी येथे हमखास अडखळतो, कारण शब्द तोच आणि अर्थ दुप्पट. मात्र ‘कोटिकोन’ हा शब्द अधिक जुन्या पुंजीतला आहे. भारतीय ज्योतिषात ज्या म्हणजे धनुष्याची दोरी, आणि चापाला पाव वर्तुळ पुरे करण्यास जेवढे कमी पडते त्याची ज्या ती कोटिज्या. काटकोनातल्या एका कोनाचा उरलेला जोडीदार तो कोटिकोन, हे नाव त्या परंपरेतून बेमालूम उतरले आहे.

शास्त्रीय परिभाषा अशी पंडितांच्या बैठकीत घडत असताना बाजारातून आणखी एक शब्द मराठीत येऊन बसलेला होता, तो म्हणजे गुण्या. फारसीत सुताराच्या काटकोनी अवजाराला ‘गूनिया’ म्हणतात आणि तो शब्द ग्रीक ‘गोनिया’चा, म्हणजे कोन या अर्थाच्या शब्दाचा वंशज आहे. (‘गुण्यागोविंदाने’ नांदण्यातला गुण्या वेगळा, त्याचा कोनाशी संबंध नाही.) यूक्लिडची व्याख्या ग्रीकमधून अरबीत, अरबीतून संस्कृतात, आणि पुन्हा इंग्रजीतून मराठीत असा पंडिती फेरा घेऊन शाळेत पोहोचली; तिच्यातला कोन हा शब्द मात्र अवजाराच्या रूपाने गवंड्यांच्या पिशवीतून आधीच येथे आला होता, आणि आता कंपासपेटीत कोनमापकाच्या शेजारी पडलेला असतो.

शेजारच्या कोनांची बेरीज ही कल्पना भारताच्या भूमीवर सर्वांत मोठ्या प्रमाणावर राबली ती त्रिकोणमितीय सर्वेक्षणात. विल्यम लॅम्टनने १८०२ मध्ये मद्रासजवळ आधाररेषा मोजून हे काम सुरू केले. एका ठाण्यावर यंत्र मांडायचे, दिसणाऱ्या खुणांमधले लागोपाठचे कोन एकेक करून वाचायचे आणि पहिल्या खुणेवर परत यायचे, ही मोजणीदारांची सर्वसाधारण रीत. एका बिंदूभोवतीच्या सर्व संलग्न कोनांची बेरीज चार काटकोन, म्हणजे ३६० अंश, भरली पाहिजे, आणि न भरल्यास कोठेतरी चूक आहे. यंत्र ज्या धातूच्या तबकडीवर कोन दाखवते तिचे भाग समान असतील तरच हे खरे. १८०८ मध्ये तंजावरला, मराठा राजे सरफोजींच्या राजधानीत, बृहदीश्वर मंदिराच्या शिखरावर चढवताना दोर तुटून लॅम्टनचा अर्धा टन वजनाचा, ३६ इंच व्यासाच्या तबकडीचा थिओडोलाइट भिंतीवर आपटला आणि तबकडी वाकली. ती त्याने सुमारे सहा आठवडे खपून स्वतःच्या हातांनी पूर्ववत केली. हाच लॅम्टन सर्वेक्षण उत्तरेकडे नेत असता जानेवारी १८२३ मध्ये वर्धा नदीच्या खोऱ्यातल्या हिंगणघाट येथे वारला, आणि त्याची कबर तेथेच आहे.

विसाव्या शतकात भूमितीच्या शिक्षणाने शेजारसंबंधाची जागा आकड्याला दिली. अमेरिकन गणितज्ञ जॉर्ज बर्कहॉफ याने १९३२ मध्ये पट्टी आणि कोनमापक यांवर आधारलेली गृहीतके सुचवली, म्हणजे लांबी आणि कोन या संख्या आहेत असे आरंभीच मानून घेतले. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन शालेय गणित अभ्यासगटाने तीच दिशा धरली आणि ‘रेषीय जोडीतील कोन पूरक असतात’ हे विधान गृहीतकांत बसवले. भारतात राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या नववीच्या पुस्तकातही रेषीय जोडीचे विधान स्वयंसिद्ध म्हणून येते. यूक्लिडने लंब उभा करून जे सिद्ध केले, ते आता सिद्धतेवाचून मान्य करायचे आहे. यात तार्किक दोष नाही, कोणत्या विटेवर इमारत उभारायची हे बांधणाऱ्याने ठरवावे. पण त्या सिद्धतेतली इकडून काढून तिकडे लावलेली फाक विद्यार्थ्याच्या नजरेआड झाली आणि काटकोन म्हणजे कोनमापकावर ९० पाशी असलेली एक रेघ, एवढेच उरले.

त्या रेघेची आणि जुन्या चाचणीची तुलना करून पाहता येते. गुण्या पालथा करून ओढलेल्या दोन रेघा एकमेकींवर बसल्या नाहीत, तर त्यांच्यातली फट गुण्याच्या खऱ्या दोषाच्या दुप्पट असते, कारण एका बाजूचा कोन जितका कमी, तितका दुसऱ्या बाजूचा जास्त, आणि दोन्ही चुका फटीत एकत्र येतात. कडेपासून एक फूट अंतरावर ही फट एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, दिसली तर गुण्या प्रत्यक्षात अर्धा सूत चुकलेला असतो, आणि अंशांत हा दोष एक तृतीयांश अंशाहूनही थोडा कमी भरतो. शाळेच्या कोनमापकावरची सर्वांत लहान खूण एक अंशाची असते. कोनमापकाला जी चूक दिसतही नाही, ती सुताराला फळीवर पेन्सिलीच्या दोन वेगळ्या रेघांच्या रूपाने दिसते, आणि तो सांधा पुन्हा ठोकायला घेतो.